विज्ञानाला तीन, कलेला एक: शिक्षणावरचा सरकारी पैसा नेमका अडतो कुठे?

बोरूची रेघ (सोमवार, रात्री ९.४०)

मंडळी, इथे बरेच शिक्षक आहेत, संशोधन करणारे आहेत, पालकही आहेत, म्हणून हा धागा काढतेय. थोडी लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित महाविद्यालयात इतिहास शिकवते. उणीपुरी एकोणीस वर्षं झाली. मागच्या आठवड्यात प्रथम वर्ष बीएची एक मुलगी केंद्राच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म पडताळून घ्यायला आली. आईवडील ऊसतोडीला जातात, ही आजीपाशी राहून शिकली, बारावीला ८७ टक्के. फॉर्म बघता बघता तिने विचारलं, "मॅडम, आपल्याला किती जागा असतात?"

ही शिष्यवृत्ती बारावीच्या गुणांवर मिळते. देशभरात दरवर्षी ८२ हजार नव्या शिष्यवृत्त्या, पदवीच्या तीन वर्षांना वर्षाला १२ हजार रुपये. त्या वाटायचं गुणोत्तर नियमातच लिहिलेलं आहे: विज्ञान, वाणिज्य आणि मानव्य (म्हणजे आमची कला शाखा) यांना ३:२:१. म्हणजे सहातल्या तीन विज्ञानाला आणि एक आमच्याकडे. साधारण ४१ हजार तिकडे, तर साडेतेरा हजार इकडे. आणि मुलं कुठे आहेत? केंद्राच्याच उच्च शिक्षण सर्वेक्षणात २०२१-२२ साली पदवीला शिकणाऱ्या दर शंभरांतले ३४ कला शाखेत आणि १५ च्या आसपास विज्ञानात होते. मी तिला गुणोत्तर सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि फॉर्मची घडी करून बसली. महिन्याला हजार रुपये, म्हणजे तिच्या खोलीचं भाडं.

विज्ञानाच्या मुलांना मिळतंय याचं मला वाईट वाटत नाही. केंद्राच्या विज्ञान विभागाची २००८ पासूनची इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला ८० हजारांची आहे, मूलभूत विज्ञानाला जाणाऱ्या मुलांसाठी. आमच्याच गावातल्या एका मुलाने ती घेऊन एमएस्सी केली, घरात पहिलाच पदवीधर. पण इतिहास, अर्थशास्त्र, भाषा घेणाऱ्या हुशार मुलासाठी तेवढ्या तोलाची एकही योजना केंद्राकडे नाही, हे मला खुपतं.

आता मूळ मुद्दा. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावातलं एक कुटुंब रुमाल घेऊन आलं. जुने कागद बांधून ठेवतात तो कापडी रुमाल. आत शंभरेक मोडी कागद. विहिरीच्या पाण्यावरून भाऊबंदकीचा वाद चाललेला, आणि मोटेचे वाटे या कागदांत लिहिलेत असं आजोबा सांगून गेलेले. मी मोडी शिकलेय, पण रोजचा हात नाही. मोडीत आधी पानभर आडवी रेघ मारतात आणि मग तिला लटकावत अक्षरं लिहीत जातात. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. कुठला शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्याने ठरवायचं. वर तारीख: "सुरू सन इसन्ने अशर मयातैन व अलफ". अरबी आकड्यांत बारा, दोनशे आणि हजार, म्हणजे शुहूर सन (मराठी कागदांतली जुनी कालगणना) १२१२, म्हणजे इ.स. १८११-१२. एका पानाला माझा अख्खा रविवार गेला. मोटेचा वाटा सापडला तिसऱ्या रविवारी.

त्याच वर्षी आमच्या महाविद्यालयाला जुने कागद डिजिटल करायला म्हणून निधी आला. फेब्रुवारीच्या शेवटी आला आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा होता. उत्तम स्कॅनर आला, संगणक आला, कपाट आलं. मुलांनी मन लावून चार हजार पानं स्कॅन केली. आज त्या चार हजार फायलींची नावं ०००१ पासून ४००० पर्यंत आहेत, कारण कुठल्या पानावर काय आहे हे वाचायला माणूसच नाही. वाचणारा नेमायची परवानगी मागितली तर त्या निधीत मानधनाचा रकानाच नव्हता.

माझं म्हणणं एवढंच आहे. सरकारी पैशाला वस्तू विकत घेता येते, कारण वस्तूला निविदा असते, बिल असतं, उपयोगिता प्रमाणपत्र असतं. एखाद्या माणसाला वीस वर्षं एका कामाला बसवायचं म्हटलं की हाच पैसा अडतो. आणि आमच्या विषयांना वस्तू फारशा लागतच नाहीत, लागतात ती माणसं. म्हणून आम्ही स्वस्तात शिकवतो असं दिसतं, आणि म्हणून आम्हाला कमी मिळतं.

विज्ञानवाल्यांनी जरूर लिहावं. मला तिकडचं चित्र बाहेरूनच माहीत आहे.

पिपेट बुरेट (सोमवार, रात्री १०.२५)

ताई, बाहेरून दिसतं ते चित्र फसवं आहे, म्हणून लगेच लिहितो. मी रसायनशास्त्र शिकवतो, तेही तालुक्यातच.

आमच्याकडे यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे. तोही असाच मार्चमध्ये आला. पाहुणे आले की दाखवतात. त्याच्यातला ड्युटेरियमचा दिवा ठरावीक तासांनी संपतो, तसा तो संपला. नवा घ्यायला पैसे नाहीत, कारण यंत्र "भांडवली" खर्चातून आलं आणि दिवा "आवर्ती" खर्चात बसतो, आणि आवर्तीला तरतूद नाही. डेडस्टॉक रजिस्टरात यंत्र जिवंत आहे, टेबलावर प्लॅस्टिकच्या खोळीखाली आहे.

सिल्व्हर नायट्रेट चांदीच्या भावाने वर जातं. क्लोराइडचं टायट्रेशन मी हल्ली एका बॅचला एकदाच करून दाखवतो आणि वीस मुलं भोवती उभी राहून बघतात. स्वतःच्या हाताने ब्युरेटची तोटी फिरवून, शेवटच्या थेंबाला रंग पालटताना पाहिला नाही, तर ते रसायनशास्त्र कसलं? आमचा प्रयोगशाळा परिचर निवृत्त झाला, जागा भरली नाही. डिस्टिल्ड वॉटर मी स्वतः सकाळी साडेसातला येऊन काढतो.

तेव्हा "विज्ञानाला मिळतं" यातलं विज्ञान म्हणजे आम्ही नव्हे. ते मोठ्या शहरातल्या आणि राष्ट्रीय संस्थांतलं. आणि तिथेही फार लोणी आहे अशातला भाग नाही. सरकारी आणि खासगी मिळून संशोधनावरचा देशाचा सगळा खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपीच्या) ०.६४ टक्के आहे, २०२०-२१ चा आकडा. दक्षिण कोरिया पाच टक्क्यांच्या घरात खर्च करतो.

तुमचा वस्तू आणि माणूस हा मुद्दा मात्र शंभर टक्के पटला. मला यंत्र नको होतं. मला परिचर हवा होता.

नोकरदार ७९ (मंगळवार, सकाळी ८.१०)

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नये.

माझे वडील गिरणीत होते. संपानंतर घर कसं चाललं ते आम्हालाच माहीत. मला सरकारी तंत्रनिकेतनात जागा मिळाली, फी माफ झाली, डिप्लोमा करून मी नोकरीला लागलो आणि दोन बहिणींची लग्नं केली. माझ्यावर सरकारने खर्च केलेला प्रत्येक रुपया मी कराच्या रूपाने कितीतरी पटीने परत केला असेल. त्याच चाळीत माझे तीन मित्र बीए झाले. तिघेही हुशार होते. एक आजही स्पर्धा परीक्षेच्या वयोमर्यादेबाहेर पडून घरी बसलाय, त्याच्याशी बोलताना मला काय बोलावं कळत नाही.

तुम्ही म्हणता कलेला मुलं जास्त आणि पैसे कमी. पण मुलं तिथे आवडीने जातात का? बहुतेक जण दुसरीकडे प्रवेश मिळत नाही किंवा परवडत नाही म्हणून जातात. सरकारने तिथे अजून पैसे घातले तर त्या मुलांना वाट मिळणार की त्याच वाटेवर अजून गर्दी होणार? गरिबाच्या मुलासाठी शिक्षण म्हणजे पोट भरायचं साधन आधी असतं. ३:२:१ ठरवणाऱ्यांनी हाच विचार केला असेल तर मला तो चूक वाटत नाही.

तासिकेवरची (मंगळवार, दुपारी २.०५)

नोकरदार दादा, तुमच्या मित्राचं वाचून वाईट वाटलं, कारण मी त्याच रांगेतली आहे. मी मराठी शिकवते, नेट आहे, पीएचडी आहे, आणि अकरा वर्षं तासिका तत्त्वावर आहे.

तासिका तत्त्व काय ते माहीत नसणाऱ्यांसाठी: जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे. परीक्षेचं काम, मुलांचे प्रकल्प तपासणं, नॅकच्या फायली, स्नेहसंमेलन, हे सगळं करायचं, पण त्याचा तास मोजला जात नाही. दिवाळीची सुट्टी लागली की मानधन बंद. उन्हाळ्यात बंद. जूनमध्ये पुन्हा मुलाखत, पुन्हा तीच फाइल, पुन्हा तीच खुर्ची. मी सकाळी एका गावी शिकवते, अकराची एसटी धरून दुसऱ्या गावी. डबा एसटीत खाते. मागच्या वर्षी सप्टेंबरचं मानधन फेब्रुवारीत जमा झालं.

२०२१ च्या नोव्हेंबरमध्ये शासनाने २०८८ सहायक प्राध्यापकांची पदं भरायला मान्यता दिली, तेव्हा आमच्या घरी पेढे आणले होते. मग कळलं की राज्यातल्या सगळ्या अनुदानित महाविद्यालयांना आणि सगळ्या विषयांना मिळून ती पदं आहेत. आमच्या वाट्याला दोन आली. कार्यभार, म्हणजे कुठल्या विषयाला किती तास, मांडला गेला. विज्ञानाचा वर्ग प्रात्यक्षिकाला वीस-वीसच्या तुकड्यांत फुटतो, त्यामुळे तास वाढतात आणि पद सिद्ध होतं. माझ्या वर्गात १२० मुलं एकाच वेळी बसतात, म्हणजे कागदावर तो एकच तास. शंभर निबंध मी तपासते त्याचा तक्त्यात रकाना नाही. दोन्ही पदं विज्ञानाला गेली. तिथे लागलेल्यांवर माझा राग नाही, त्यांच्यातली एक माझी मैत्रीण आहे आणि तीही आठ वर्षं तासिकेवर होती.

पण भाषेची प्रात्यक्षिकं असू शकत नाहीत असं कुणी ठरवलं? वीस मुलांना घेऊन एक परिच्छेद तिसऱ्यांदा लिहायला लावा, ते प्रात्यक्षिकच आहे. आमच्याकडची मुलं अर्जसुद्धा धड लिहू शकत नाहीत अशी तक्रार सगळे करतात. १२० मुलांत एकेकाच्या वहीत बघायला माझ्याकडे मिनिटं किती?

पिपेट बुरेट (मंगळवार, दुपारी ३.३०)

कार्यभाराचं हे गणित मी आमच्या बाजूने रोज मांडतो, तुमच्या बाजूने कधी पाहिलंच नव्हतं. वीसची तुकडी आम्हाला मिळते ती आम्ल हातावर सांडू नये म्हणून. परिच्छेदाने हात भाजत नाही, म्हणून १२०. ताई, हे मी आमच्या विद्यापीठाच्या अभ्यास मंडळात बोलणार आहे.

खोडदचा शेजारी (मंगळवार, रात्री ८.५०)

मी शेतकरी. नारायणगावजवळ खोडदला ती मोठी रेडिओ दुर्बीण आहे ना, जीएमआरटी, तिच्या एका तबकडीच्या कुंपणाला लागून आमचं शेत. कांदा काढताना मान वर केली की ४५ मीटर व्यासाची ती जाळी दिसते. अशा तीस आहेत.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला तिथं प्रदर्शन भरतं. लांबलांबच्या झेडपीच्या शाळांतली पोरं टेम्पोतून येतात, स्वतः केलेली मॉडेलं घेऊन. माझी पुतणी सातवीत असताना तिथं गेली आणि एका शास्त्रज्ञाला तिनं विचारलं, ही जाळी आहे, मग त्यातून सिग्नल गळत नाही का? त्यांनी खाली बसून जमिनीवर काडीनं लाट काढून दाखवली. लाट जाळीच्या भोकापेक्षा लांब असली की तिला जाळी म्हणजे भिंतच. ती पोरगी आज बीएस्सी फिजिक्स करतेय.

दादांना सांगायचं ते हे. त्या दुर्बिणीनं आमच्या कांद्याला भाव मिळाला नाही. २०२३ साली विश्वात भरून राहिलेल्या गुरुत्वीय लहरींची चाहूल लागल्याची बातमी आली, त्यात तिचा वाटा होता. त्यानंही भाव मिळाला नाही. तरी सरकारनं तिच्यावर पैसा घातला ते बरंच केलं असं गावात कुणालाही विचारा. मग इतिहासाला आणि मराठीला तेवढा परतावा का विचारायचा?

आणखी एक. ही दुर्बीण स्वस्तात कशी झाली? ती उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी पत्र्याऐवजी तारांची जाळी आणि दोर वापरून तबकडी हलकी केली, वारा आरपार जातो. ती कल्पना कुठल्या निविदेतून आली नाही. त्या माणसाला आणि त्याच्या सोबतच्यांना वर्षानुवर्षं त्याच कामात राहू दिलं म्हणून ती आली. मॅडमचा मुद्दा विज्ञानालाही तेवढाच लागू आहे.

तंजावूरकर (मंगळवार, रात्री ११.१५)

तमिळनाडूतून लिहितोय, घरात अजून आमची दक्षिणी मराठी चालते. इथे सरस्वती महाल ग्रंथालयात भोसल्यांच्या काळातल्या मोडी कागदांची बासनं आहेत. तमिळ विद्यापीठाने त्यांतल्या काहींचं तमिळ भाषांतर करून छापलंही. मोडी आणि तमिळ दोन्ही येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि ती म्हातारी होत चालली आहेत. माझे काका त्यांच्यातले एक होते. शेवटच्या वर्षांत ते मला बसवून शिकवायला बघत होते, मी नोकरीच्या गडबडीत होतो. स्कॅन केलेलं पान हजार वर्षं टिकेल, वाचणारं डोकं मात्र गेलं की गेलं.

दुसऱ्या वर्षाचा पीएचडी (बुधवार, सकाळी ११.००)

संशोधनाच्या पातळीवर काय आहे ते सांगतो, कारण तिथे चित्र थोडं वेगळं आहे.

जेआरएफमध्ये, म्हणजे नेटमधून मिळणाऱ्या संशोधन छात्रवृत्तीत, भेद जवळपास नाही. जानेवारी २०२३ पासून विज्ञान असो की मराठी, पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार. आकस्मिक खर्चाला मानव्याला वर्षाला १० हजार आणि विज्ञानाला १२ हजार, तो फरक समजण्यासारखा आहे. भेद सुरू होतो तो पुढे. पंतप्रधान संशोधन छात्रवृत्ती विज्ञान-तंत्रज्ञानाला, महिना ७० हजारांपासून, वर वर्षाला दोन लाख संशोधन खर्च. समाजशास्त्रांसाठी सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची डॉक्टरेट छात्रवृत्ती महिना २० हजार. दोघंही पाच-पाच वर्षं राबतात.

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट रुपयांची नाही, एका वाक्याची आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाची कल्पना मांडली तेव्हा विज्ञान, तंत्रज्ञान, सामाजिक शास्त्रं आणि कला-मानव्य अशी चारही क्षेत्रं त्यात होती. मी तेव्हा एमएला होतो, आम्ही वर्गात ते मोठ्याने वाचलं होतं. २०२३ साली कायदा झाला, पाच वर्षांत ५० हजार कोटींचं उद्दिष्ट ठरलं, आणि मानव्य व सामाजिक शास्त्रांबद्दल शब्द आले ते त्यांच्या "वैज्ञानिक आणि तांत्रिक दुव्यां"बद्दलचे. म्हणजे माझा विषय विज्ञानाला जिथे चिकटतो तेवढ्यापुरताच त्या छत्राखाली. माझा विषय १८९६-९७ च्या प्लेगच्या साथीतली पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रं. आता प्रस्तावात मी "साथरोग" हा शब्द तीनदा घालतो. तो खोटा नाही. पण मला खरं कुतूहल आहे ते त्या वेळी घरात शिरणाऱ्या सोजिरांबद्दल बायका काय बोलत होत्या याचं, आणि ते वाक्य मी प्रस्तावातून काढून टाकलं.

बोरूची रेघ (बुधवार, रात्री ९.२०)

सगळं दोनदोनदा वाचलं. आज तास घेतानाही डोक्यात हेच होतं.

नोकरदार दादा, तुमच्या प्रश्नाला टाळणार नाही. मुलं नाइलाजाने कलेला येतात हे खरं आहे, माझ्या वर्गातली निम्मी तशीच आलेली आहेत. पण नाइलाजाने आलेल्या मुलाला रिकाम्या खुर्चीसमोर बसवायचं का? माझ्या विभागात तीन मंजूर पदं होती, आज मी एकटी आहे. तुमच्या मित्राला कुणी नीट शिकवलं असतं, लिहायला, कागद वाचायला, मोजायला, तर त्याच्यापुढे परीक्षेशिवाय दुसरी वाट दिसली असती का, हा प्रश्न मी स्वतःला विचारते.

आणि परतावा म्हणाल तर हिशेब मांडू. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला. माणसाला जगायला किती उष्मांक लागतात आणि त्याला किती खर्च येतो, तिथून सुरुवात करून. देशातली दारिद्र्यरेषेची सगळी चर्चा पुढे त्या वाटेने गेली. याच दांडेकरांच्या समितीने १९८४ साली महाराष्ट्राच्या प्रादेशिक असमतोलाचं मोजमाप केलं. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, विजेचे पंप, जिल्हावार मोजून अनुशेष काढला, सुमारे ३१८७ कोटी रुपये. "अनुशेष" हा शब्द आज विदर्भ-मराठवाड्यातल्या पोरांच्याही तोंडी आहे. हे काम कुठल्या यंत्राने केलं नाही. अर्थशास्त्र शिकलेल्या माणसांनी तक्ते घेऊन बसून केलं, आणि ती माणसं घडायला एक संस्था १९३० पासून उभी होती.

माझ्या विषयातलं सांगते. पेशवे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर शंभरेक वर्षं बहुतांशी बंदच होतं. मग मुंबई सरकारने गो. स. सरदेसाईंना नेमलं आणि १९३० ते ३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड छापून निघाले. चार-पाच वर्षांत पंचेचाळीस! सरकारने तेव्हा काय विकत घेतलं? एक जाणता माणूस, त्याच्या हाताखाली मोडी वाचणारे कारकून, आणि त्यांचे पगार. त्यानंतर जे कागद राहिले ते कोट्यवधी आहेत.

डेक्कन कॉलेजमधला संस्कृत कोश १९४८ साली सुरू झाला. दीड हजारांच्या आसपास ग्रंथ वाचून एक कोटीच्या घरात चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. पहिला भाग छापून यायला १९७६ उजाडलं. एवढ्या वर्षांत कोश अजून "अ" मध्येच आहे. मी विद्यार्थिनी असताना तो चिठ्ठ्यांचा विभाग पाहिला होता. लोखंडी कपाटांतले लांबट खण, एकेका चिठ्ठीवर कुणाचं तरी सुबक हस्ताक्षर, कोपऱ्यात ग्रंथाचं नाव आणि ओळ. ज्यांनी लिहिलं त्यांतले बरेच आज नाहीत. अशा कामाला मार्चअखेर कशी लावायची?

म्हणून मी ३:२:१ चं १:१:१ करा एवढंच मागत नाही. दरवर्षीच्या निधीतला काही भाग वस्तूंना नाही, माणसांना, आणि तोही निदान पाच वर्षं सलग द्यावा, मग विभाग कुठलाही असो. पिपेट सरांच्या परिचराला आणि माझ्या मोडी वाचणाऱ्याला एकाच रकान्यातून पगार मिळू दे.

तंजावूरकर, तुमच्या काकांच्या वह्या असतील तर फेकू नका. कृपा करून.

नोकरदार ७९ (गुरुवार, सकाळी ७.५५)

दांडेकर समितीचं नाव ऐकलं होतं, ते काम अर्थशास्त्राच्या लोकांनी असं मोजून केलं हे माहीत नव्हतं. माझं मत पूर्ण बदललं असं म्हणणार नाही. गरीब घरातल्या मुलाला मी आजही आधी हातात हुन्नर घे असंच सांगेन. पण रिकाम्या खुर्चीचा मुद्दा मान्य. मुलगा कुठल्याही शाखेत गेला तरी समोर पूर्ण पगाराचा शिक्षक असायलाच हवा, याला माझा कर जायला माझी ना नाही.

तुमच्या त्या विद्यार्थिनीचं नाव यादीत नाही लागलं, तर तिच्या तीन वर्षांच्या खोलीभाड्याचं मी बघेन. तिला कोण ते कळायची गरज नाही.

पिपेट बुरेट (गुरुवार, दुपारी १.४०)

ताई, एक कामाचं विचारतो. त्या रुमालातले कागद पिवळे पडून घडीवर तुटतायत का? जुना हातकागद सहसा टिकतो. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जो गिरणीचा कागद आला, त्याच्या लगद्यात तुरटी आणि राळ मिसळलेली असते. त्यातून आम्ल तयार होतं आणि कागद आतून खंगतो. कुठले कागद आधी वाचायला घ्यायचे ते यावरून ठरवता येईल. जे मरणार आहेत ते आधी.

तपासायला फार काही लागत नाही. शाई नसलेल्या कोपऱ्यावर डिस्टिल्ड वॉटरचा एक थेंब, त्यावर आम्लता दाखवणारी पीएचची पट्टी, वर काचेचा तुकडा, पाच मिनिटं. तृतीय वर्षाच्या मुलांना मी हा प्रकल्प म्हणून देऊ शकतो. तुमची मुलं कागद उलगडतील आणि तारीख वाचतील, माझी मुलं नोंद घेतील. पुढे तुमच्या महाविद्यालयाची पानंही अशीच घेतली, तर त्या चार हजार फायलींच्या नावांपुढे निदान सन आणि पीएच तरी येईल. तुमचा तालुका कुठला? मी नगर जिल्ह्याच्या हद्दीवर आहे.

बोरूची रेघ (गुरुवार, दुपारी २.१५)

सर, तुटतायत. घडीवरच तुटतायत. मी त्यांना नुसतं वाळवी-दमट हवा समजत होते.

आपण फार लांब नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. या रविवारी मूळ कुटुंबाला विचारते, त्यांची परवानगी लागेल, कागद त्यांचे आहेत. ती विद्यार्थिनीही येणार म्हणतेय, तिला मोडीची रेघ मारायला शिकवायला घेतलंय.

पिपेट बुरेट (गुरुवार, दुपारी २.२०)

रविवार चालेल. डिस्टिल्ड वॉटर मी आणतो.